उत्तर : पहाटे कोणी नसताना मशीन घेऊन जाऊ का?

तुमचा प्रश्न वाचला आणि सहा वर्षांपूर्वीचा मीच डोळ्यांसमोर आलो. हौसेने घेतलेला नवा मेटल डिटेक्टर (जमिनीतला धातू हुडकणारं मशीन), सार्वजनिक बागेत रखवालदाराने हटकणं, मग कार्यालयात या टेबलावरून त्या टेबलावर. आता वैतागून तुम्ही विचारताय की पहाटे गुपचूप जाऊन आलं तर काय बिघडतं. बिघडतं हो. मी तर रीतसर विचारून गेलो होतो, तरी माझं मशीन अकरा महिने जप्त होतं.

ग्राउंड बॅलन्स (मशीन तिथल्या मातीशी जुळवून घेणं), कॉइल (टोकाची धातू शोधणारी चकती) किती खाली धरायची वगैरे तुम्हाला येतंच असं धरतो.

एका कार्यालयात (नाव घेत नाही, अजून त्यांच्याशी काम पडतं) फोन करून मी विचारलं, "मैदानात मेटल डिटेक्टर फिरवला तर चालेल का?" पलीकडचे साहेब म्हणाले, "फिरवा की, मैदान सगळ्यांचंच आहे." मी खूश. खणण्याबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता, हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही. मशीन फिरवणं वेगळं आणि जमीन उकरणं वेगळं. पुष्कळ ठिकाणी पहिल्याला कोणी हरकत घेत नाही, दुसऱ्यासाठी मात्र थेट गुन्हा दाखल होतो. आणि सिग्नल आला की न खणता पुढे जाणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

त्यात भर म्हणजे मैदानाच्या कडेची, पाण्यालगतची पट्टी. मध्ये कुंपण नाही, पाटी नाही, गवतही तेच. ती निघाली दुसऱ्याच खात्याची, आणि तिथल्या जुन्या बांधकामामुळे संरक्षित. दोन गंजके खिळे आणि एक बक्कल हातात असताना गस्तीवाले आले. मी फोनचा हवाला दिला. त्यांनी माझ्यासमोर स्पीकरवर फोन लावला. "असं आम्ही कोणाला सांगितलेलं नाही." आवाज तोच होता, मी ओळखला! पण नाव विचारून ठेवलं नव्हतं, तारीख टिपली नव्हती, मग काय बोलणार?

पुढचे अकरा महिने पत्रं लिहिण्यात गेले. पहिल्या पत्राची पोच घेतली नाही, म्हणून ते 'मिळालंच नाही'. दुसरं 'संबंधित विभागाकडे वर्ग केलं', तो विभाग कोणता ते कोणालाच सांगता येईना. असो. यावर मी रात्रभर बोलू शकतो.

तर, मी वकील नाही, आणि नियम देशागणिक, कधी बागेगणिक बदलतात. पण माझं मत ठाम आहे : लेखी विचारा आणि लेखीच उत्तर घ्या. नकाशावर हद्द आखून तो अर्जाला जोडा. जमीन नेमकी कोणाच्या ताब्यात आहे, किती खोल खणू दिलं जाईल आणि सापडलेली वस्तू कोणाची, हे तिन्ही स्पष्ट विचारा. शेवटच्या प्रश्नाला लोक बिचकतात, पण तोच महत्त्वाचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत डिटेक्टर वापरणं सोडाच, वापरायच्या तयारीत जवळ बाळगणंही मना आहे. इंग्लंडमध्ये १९९६ च्या खजिना कायद्यात बसणारा खजिना १४ दिवसांत कळवावा लागतो. भारतात १८७८ चा कायदा अजून आहे : दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. दहा रुपये त्या काळातले, पण आकडा तोच.

लेखी नकार आला तर वाईट वाटून घेऊ नका. दुसरी जागा शोधा. समुद्रकिनारा किंवा ओळखीतल्या कोणाचं शेत बहुतेकदा जास्त सोपं जातं, अर्थात तिथेही आधी विचारूनच. (ओल्या खाऱ्या वाळूत साधी व्हीएलएफ, म्हणजे कमी वारंवारतेवर चालणारी मशीनं उगीच किंचाळतात, तिथे पल्स इंडक्शन, म्हणजे ठोक्याठोक्याने लहरी सोडणारं मशीन बरं.)

आणि कधी खरंच जुनं काही लागलं तर हात थांबवा. १९९२ साली इंग्लंडात हॉक्सन इथे एरिक लॉज हे गृहस्थ एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधत होते. रोमन काळातला साठा लागला. थोडं काढल्यावर त्यांनी खणणं थांबवून कळवलं, म्हणून पुरातत्त्वज्ञांना बाकीचं जागच्या जागी मिळालं. एकूण जवळजवळ १५,००० नाणी. हातोडाही सापडला आणि तोही ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. मला त्या हातोड्याचंच जास्त कौतुक आहे.

जाता जाता : डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूंचे सिग्नल गाळायची सोय) वाढवून कॅनच्या कड्या गाळायला जाल तर सोन्याच्या अंगठ्याही गळतील, मशीनच्या पडद्यावर दोघींचा आकडा जवळपास सारखाच येतो. नाणं जागेवर अंगठ्याने चोळू नका, मातीचे कण त्यावर ओरखडे पाडतात. खड्डा बुजवताना गवताचा थर एका बाजूने जोडलेला ठेवून उलटा करा, म्हणजे तो परत नीट बसतो आणि रखवालदाराला बोलायला जागा उरत नाही.

माझं मशीन परत आलं ते आतले सेल गळून. खोक्यावर त्यांचा शिक्का होता, 'सुस्थितीत'.