माहिती अधिकारात अर्ज केला तर 'अभिलेख उपलब्ध नाही' असं लेखी उत्तर आलं, आता काय करू?

सोडू नका, पहिलं अपील टाका. उत्तर मिळाल्यापासून 30 दिवस असतात, आपल्याकडे महाराष्ट्रात 20 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागतं. त्यात एवढंच विचारा की फाईल नियमाने नष्ट केली असेल तर नष्ट केल्याची नोंद दाखवा, आणि गहाळ असेल तर जबाबदार कोण ते सांगा, कारण महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 नुसार रेकॉर्ड सांभाळणं ही त्या ऑफिसचीच जबाबदारी आहे. मला स्वतःला एका ऑफिसात रस्त्याच्या कामाच्या मोजमाप वहीबद्दल हेच उत्तर मिळालेलं, मग अर्ज करून रेकॉर्ड रूम बघायला गेलो तर कपाटावर लाल कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात तीच वही, वर बोटभर धूळ! कोणी शोधलीच नव्हती. म्हणून माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2(ञ) खाली प्रत्यक्ष पाहणी मागाच, तो तुमचा हक्क आहे. अपिलातही काही झालं नाही तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं, पण तिथे तारीख मिळायला खूप वेळ जातो, आणि हीच खरी चीड आणणारी गोष्ट आहे, कारण तोवर रस्ता परत उखडलेला असतो. अर्जाची पोच मात्र जपून ठेवा.