वीज कुठे गेली ते आधी बघा
वाचकांचे विजेविषयीचे प्रश्न. उत्तरं देताहेत उपकेंद्रातले एक निवृत्त यंत्रचालक

प्रश्न : काका, आम्ही पुण्यात धायरीला राहतो. नवरा-बायको दोघंही घरूनच काम करतो. मे महिन्यापासून दिवसातून तीन-चारदा वीज जाते, कधी दहा मिनिटं, कधी तीन तास. दुकानदार दोन बॅटऱ्यांचा मोठा इन्व्हर्टर घ्या म्हणतो. घ्यावा का?

उत्तर : एवढ्यात नको. पुढच्या वेळी वीज गेली की आधी गॅलरीत जा आणि मग जिन्यात. जिन्याचा मीटर वेगळा असतो. जिना उजळलेला आणि फक्त तुमचं घर अंधारात, तर गडबड तुमच्या ईएलसीबीत (वीज गळाली की आपोआप बंद पडणाऱ्या घरातल्या स्विचमध्ये) नाहीतर खाली मीटरच्या खोलीत. पावसाळ्यात गॅलरीतल्या सॉकेटमध्ये ओल गेली तरी ईएलसीबी पडतो, आणि माणसं वीज कंपनीला शिव्या देत बसतात. निम्मी इमारत अंधारात असेल तर बहुधा एक फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी एक, गेलाय. सगळी गल्लीच गेली तर डीपी (गल्लीतला ट्रान्सफॉर्मर) किंवा फीडर (उपकेंद्रातून त्याला वीज आणणारी लाइन). वीज कंपनीच्या १९१२ या नंबरला फोन लावाल तेव्हा हे सांगा आणि बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा. रात्रपाळीला मी जे फोन घ्यायचो त्यातले बहुतेक ‘लाइट कधी येणार’ एवढंच विचारणारे. ‘ए विंगला आहे, बी विंगला नाही’ असं सांगणारा एखादा भेटला की लाइनमन थेट त्या डीपीपाशी जायचा.

आता तुमची ती दहा मिनिटं. फीडर उडाला, म्हणजे आपोआप बंद पडला, की उपकेंद्रातला यंत्रचालक रिलेवर (बिघाड ओळखणाऱ्या उपकरणावर) काय दाखवतंय ते बघतो, लाइनवर कुणी काम करत नाही ना याची खात्री करतो आणि फीडर पुन्हा चालू करून पाहतो. झाडाची फांदी वाऱ्याने घासून गेली असेल तर फीडर टिकतो. बिघाड तसाच असेल तर त्याच क्षणी परत उडतो. मग लाइनमन लाइनखालून चालत निघतात आणि एकेक तुकडा तोडून पाहतात. तुम्हाला घरात बसून वाटतं की कुणीतरी बटणाशी खेळतंय. आली आली म्हणेपर्यंत गेली, असं झालं की समजा शोध चाललाय. तेवढा वेळ फ्रिज आणि एसी बंद ठेवा आणि वीज टिकली की पाचेक मिनिटांनी लावा. तीन तास लागतात ते बहुतेकदा रस्ता खोदताना जेसीबीने भूमिगत केबल तोडल्यावर, आणि त्यात कधी तीनाचे आठही होतात.

इन्व्हर्टरचा हिशेब कागदावर मांडा. दोन लॅपटॉप १२० वॉट, दोन साधे पंखे १५०, दोन एलईडी ट्यूब ४०, राउटर १०. झाले ३२०. बारा व्होल्टची १५० अँपिअर-अवरची एक बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास देते. प्रत्यक्षात हजार-अकराशे धरा, कारण ती पूर्ण पिळली तर लवकर मरते. म्हणजे साधारण सव्वातीन तास. आता पंखे बीएलडीसीचे (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) लावा, ते प्रत्येकी तिशीच्या आसपास वॉट खातात. आणि लॅपटॉप पहिले दोन तास स्वतःच्या बॅटरीवर चालवा. त्याच एका बॅटरीत पाच-सहा तास सहज निघतात. दुसऱ्या बॅटरीच्या पैशात दोन पंखे येऊन वर पैसे उरतील, शिवाय बिल कमी होईल ते वेगळंच. दुकानदार हे सांगणार नाही, त्याला बॅटरी विकायची आहे.

राउटरचं मात्र एक बघून घ्या. तुमचा राउटर चालू राहिला तरी इंटरनेटवाल्याची पेटी गच्चीवर किंवा लिफ्टच्या खोलीत असते, तिला बॅकअप नसेल तर काही उपयोग नाही. ती कुठे आहे ते त्यालाच विचारा, आणि सोसायटीच्या बॅकअपवर जोडता येते का ते पाहा. नाहीतर वेगळ्या कंपनीचं सिमकार्ड जवळ ठेवा.

प्रश्न : दर गुरुवारी वीज बंद. हे भारनियमन पुन्हा सुरू झालं का?

उत्तर : नाही हो. वीज कमी पडते तेव्हा भारनियमन. ते पुण्याने चांगलं भोगलंय. २००६ मध्ये कारखान्यांचे जनरेटर चालवून शहराचं भारनियमन टाळलं होतं आणि त्याचा जादा आकार ग्राहकांच्या बिलात आला होता. गुरुवारचं काम देखभालीचं असतं. इथल्या औद्योगिक पट्ट्याची सुट्टी गुरुवारची, म्हणून तो वार. फांद्या छाटणं, तडकलेले चिनी मातीचे इन्सुलेटर बदलणं हे तेव्हाच होतं. उन्हात तापलेल्या इन्सुलेटरवर पहिल्या पावसाचं पाणी पडलं की तो तडकतो, म्हणून वळवाच्या दोन थेंबांत वीज जाते. गुरुवार चुकवून हे काम करता येत नाही. आदल्या रात्री टाकी भरून ठेवा, एवढंच.

प्रश्न : सासूबाई घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर आहेत. डॉक्टरांनी मिनिटाला दोन लिटर सांगितलंय. आम्ही सहाव्या मजल्यावर. वीज गेली की माझे हातपाय गळतात.

उत्तर : ताई, तुम्ही आज संध्याकाळीच सोसायटीच्या सचिवांकडे जा. जनरेटर कशाकशाला जोडलाय ते विचारा. पुष्कळ ठिकाणी तो फक्त लिफ्ट, पंप आणि जिन्याला असतो, घरांना नाही. लोकांना हे वीज गेल्यावरच कळतं. लिफ्टला एआरडी आहे का तेही बघा. वीज गेली की तो लिफ्ट जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडतो.

मिनिटाला पाच लिटरपर्यंत देणारं कॉन्सन्ट्रेटर यंत्र साधारण साडेतीनशे वॉट घेतं. त्यासाठी प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखीच वीज देणारा) इन्व्हर्टर घ्या आणि त्यावर दुसरं काही जोडू नका, पाहुण्यांसाठी लावलेला पंखासुद्धा नाही. पण यंत्रावर भरवसा एकदाच ठेवायचा, दोनदा नाही. ‘बी’ आकाराचा भरलेला सिलिंडर घरात हवाच. त्यात साधारण दीड हजार लिटर असतात, म्हणजे दोन लिटरच्या वेगाने बारा तासांच्या आसपास. त्याची किल्ली आणि रेग्युलेटर दोरीने सिलिंडरलाच बांधून ठेवा. दिवसाउजेडी, घरात सगळे असताना, एकदा कॉन्सन्ट्रेटर बंद करून सिलिंडरवर आणायची तालीम करा. तुमच्या मिस्टरांनाही करायला लावा, कारण वीज तुम्ही घरी असतानाच जाईल असं नाही. वीज गेल्यावर त्या खोलीत मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन काही नको. ऑक्सिजनजवळ ठिणगी चालत नाही, देवाची असली तरी. टॉर्च ठेवा. आणि भागातल्या शाखा कार्यालयात डॉक्टरांच्या चिठ्ठीसह लेखी अर्ज देऊन पोच घ्या, म्हणजे तिथल्या माणसांना तुमचं घर माहीत राहील.

प्रश्न : परवा वीज आली आणि टीव्ही व फ्रिज एकदम जळाले. इन्व्हर्टर असून असं कसं?

उत्तर : वर्णनावरून न्यूट्रल, म्हणजे वीज परत जायची तार, तुटलेला दिसतोय. तो सुटला की तीन फेजचा समतोल बिघडतो. एका घरात दिवे भगभगतात, शेजारी मिणमिणतात, आणि २३० च्या जागी चारशेच्या आसपास व्होल्टेज येऊ शकतं. इन्व्हर्टर हे थोपवतोच असं नाही. पंखा अचानक जोरात फिरू लागला तर विचार न करता मेन स्विच बंद करा आणि शेजाऱ्यांनाही हाक मारा. जादा व्होल्टेजला पुरवठा तोडणारं उपकरण मेनवर बसतं, तेही बसवून घ्या. पण आधी मीटरच्या खोलीतला न्यूट्रल तपासायला वायरमन बोलवा. टीव्हीवाल्याला त्यानंतर, नाहीतर नवा टीव्हीही जळेल.