स्पेअर बॅटरी कुठली घेऊ? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : माझ्याकडे कॅनन १५००डी आहे. यंदा माउलींच्या पालखीबरोबर आळंदीपासून चालत फोटो काढायचा विचार आहे. कॅमेऱ्याबरोबर आलेली एकच बॅटरी आहे. दुकानदार म्हणतो ओरिजिनल एकीच्या पैशात लोकल चार येतील, वर त्यांच्यावर २००० एमएएच लिहिलंय, ओरिजिनलवर फक्त ८६०. घेऊ का चार? – एक वाचक, बारामती

उत्तर : नका घेऊ. तुमच्या कॅमेऱ्याला एलपी-ई१० लागते, ७.४ व्होल्ट, ८६० एमएएच. लोकलचा साइझही तोच असणार, नाहीतर ती कप्प्यात बसणारच नाही, मग तेवढ्याच जागेत दुपटीहून जास्त पॉवर मावणार कुठून? तो आकडा नुसता छापलेला आहे. आणि आकड्याचं सोडा, मला जास्त काळजी आतल्या प्रोटेक्शन सर्किटची वाटते. बॅटरी जास्त चार्ज व्हायला लागली किंवा शॉर्ट झाली तर करंट तोडायचं काम ते करतं, आणि अगदी स्वस्त मालात नेमकी तिथेच काटकसर झालेली असू शकते. एक ओरिजिनल घ्या आणि जोडीला एक नावाजलेल्या थर्ड पार्टी कंपनीची, दोन्ही पक्क्या बिलावर. ओरिजिनलच्या नावाखाली डुप्लिकेटही खपवतात, तेव्हा ऑथराइज्ड डीलरकडूनच. आणि निघायच्या आदल्या दिवशी नको, महिनाभर आधी घ्या, म्हणजे दोन-चारदा वापरून बघता येईल, कप्प्यात अडकत असेल किंवा चार्जरवर फार तापत असेल तर लगेच परत करा.

खरी अडचण चार्जिंगची येणार. मुक्कामाच्या ठिकाणी प्लग मिळाला तरी त्यावर मोबाइलांची झुंबड असते, आणि १५००डी यूएसबी केबलने चार्ज होत नाही, कॅमेऱ्यावरच्या यूएसबी सॉकेटचा तुम्हाला इथे काही उपयोग नाही. म्हणून एलपी-ई१० बसेल असा यूएसबी चार्जर घ्या, तो पॉवर बँकवर चालतो. हिशोब सोपा आहे, तुमची बॅटरी साधारण ६.४ वॉट-अवरची (म्हणजे तिच्यात एकूण मावणारी ऊर्जा), १०००० एमएएचची पॉवर बँक ३७ वॉट-अवरची, मधे वाया जातं ते धरूनही तीन-चार वेळा आरामात भरेल. मोबाइलसाठी दुसरी पॉवर बँक ठेवा, एकीवर दोन्ही भागवायला गेलात तर संध्याकाळी दोन्ही बंद.

आता वाचवायचं कसं. एका चार्जवर व्ह्यूफाइंडरमधून साधारण ५०० फोटो निघतात असं कंपनीच सांगते, लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून काढले तर, जेमतेम निम्मे. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण असतं तिथे अश्व यायच्या कितीतरी आधीपासून लोक जागा धरून उभे असतात, तेवढा वेळ मागची स्क्रीन चालू ठेवलीत तर ऐन क्षणाला कॅमेरा हात वर करेल. व्ह्यूफाइंडरलाच डोळा लावा. फोटो काढल्यावर आपोआप दिसणारा रिव्ह्यू बंद करा, वायफाय बंद, ऑटो पॉवर ऑफ ३० सेकंदांवर. फुल ऑटो मोडमधे पावसाळी अंधार झाला की फ्लॅश आपोआप उघडतो आणि बॅटरी खातो, तो मोड टाळाच. भरलेल्या बॅटऱ्या कव्हर लावून झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत, रिकाम्या दुसऱ्या खिशात, आणि चिल्लर किंवा किल्ल्या असलेल्या खिशात कुठलीच नको, टर्मिनल शॉर्ट होतात.

प्रश्न : जानेवारीत स्पितीला जातोय, सोनी ए६४०० आहे. थंडीत बॅटरी पटकन संपते म्हणतात, मग किती न्याव्यात? – एक वाचक, पुणे

उत्तर : संपते असं नाही, गारठते. थंडीत आतली रासायनिक क्रिया मंदावते, व्होल्टेज पडतं आणि कॅमेऱ्याला वाटतं बॅटरी रिकामी झाली. ती काढून शर्टच्या आतल्या खिशात ठेवा, अंगाच्या उबेने थोड्या वेळात बरीचशी परत येते. म्हणजे दोन बॅटऱ्या आलटून पालटून, शिवाय एक जादा, अशा तीन तरी हव्यात. तुमची एनपी-एफडब्ल्यू५० मुळात छोटी, १०२० एमएएचची, चांगल्या हवामानातही स्क्रीनवर ४१० आणि व्ह्यूफाइंडरवर ३६० फोटोंच्या आसपास. हो, तुमच्यासारख्या मिररलेसमधे, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, व्ह्यूफाइंडर हीसुद्धा एक स्क्रीनच असते, त्यामुळे डीएसएलआरवाल्यांचा, म्हणजे आरशाच्या कॅमेरावाल्यांचा, व्ह्यूफाइंडर वापरायचा सल्ला इथे उलटा पडतो! प्री-एएफ (बटण दाबायच्या आधीपासून कॅमेरा फोकस करत राहतो ते) आणि ब्लूटूथ बंद करा.

रात्री उबदार खोलीत आल्याआल्या चार्जिंगला लावू नका. गोठलेली लिथियम-आयन चार्ज केली तर आतून कायमची खराब होते, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. विमानात सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेतच, चेक-इनमधे चालत नाहीत.

प्रश्न : दोन वर्षं कपाटात पडलेली बॅटरी फुगलीये. चार्ज करून बघू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : अजिबात नको, आणि कॅमेऱ्यात कोंबू पण नका. टोचायची नाही, दाबायची नाही, कचऱ्याच्या गाडीत टाकायची नाही. टर्मिनलला चिकटपट्टी लावा आणि ई-वेस्ट घेणाऱ्या केंद्रावर द्या. २०२२च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवर आहे, तेव्हा सर्व्हिस सेंटरलाही विचारा. नवी घेतलीत आणि ती बरेच दिवस वापरणार नसाल तर निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून थंड, कोरड्या जागी ठेवा, दर तीन-चार महिन्यांनी काढून थोडी चार्ज करा.