मध्यरात्रीनंतरच्या बिलावर कालची तारीख

प्रश्न : जावास्क्रिप्टमध्ये आत्ताची तारीख-वेळ कशी मिळवायची? (जुळे सोलापूर)

उत्तर : 'न्यू डेट()'. नुसता आकडा हवा असेल तर 'डेट.नाऊ()', १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद मिळतात.

प्रश्न : जानेवारीत महिना ० येतो. ब्राउझर बिघडलाय का? (सात रस्ता)

उत्तर : नाही. 'गेटमंथ()' ० ते ११ मोजतं, १ मिळवा. 'गेटडे()' वार देतं, तारखेसाठी 'गेटडेट()'.

प्रश्न : आमच्या टॉवेल कारखान्यात रात्रपाळीलाही बिलं निघतात. बारानंतरच्या बिलांवर आदल्या दिवसाची तारीख पडते. साडेपाच तास मिळवले की भागतं म्हणे. दिवसा सगळं ठीक असतं, म्हणून मार्चअखेर उरकल्यावर बघणार आहोत. (अक्कलकोट रोड एमआयडीसी)

उत्तर : मार्चअखेरच्या आधीच बघा! बहुधा 'टूआयएसओस्ट्रिंग()'ची पहिली दहा अक्षरं कापून तारीख घेतलेली आहे. ते फंक्शन वेळ नेहमी यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) देतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. १ एप्रिलला रात्री १२:४० ला काढलेलं बिल तिथे ३१ मार्च, संध्याकाळी ७:१० चं ठरतं. म्हणजे आर्थिक वर्षच चुकलं. पहाटे साडेपाचनंतर तारीख जुळते, त्यामुळे दिवसा तपासणाऱ्याला ही चूक कधीच सापडत नाही.

साडेपाच तास मिळवण्याचा ऐकीव उपाय करू नका. भारतीय वेळेवरच्या कॉम्प्युटरवर 'गेटअवर्स()' ते तास आधीच धरतं. तुम्ही पुन्हा मिळवले की १२:४० चे ६:१० होतात. ही वेळ डेटाबेसमध्ये गेली की खरी कुठली, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

साठवताना यूटीसीच ठेवा. छापताना 'इंटल.डेटटाइमफॉरमॅट'ला टाइमझोन 'एशिया/कोलकाता' असा स्पष्ट सांगा. नुसत्या 'गेटडेट()'वर विसंबू नका. सर्व्हर यूटीसीवर असेल तर तेही कालचीच तारीख देईल. 'गेटटाइमझोनऑफसेट()' छापून बघा : भारतीय वेळेवर -३३०, यूटीसीवर ०. चाचणीसाठी रात्री जागायची गरज नाही. 'न्यू डेट('२०२५-०३-३१टी१९:१०:००झेड')' द्या (शेवटचा झेड म्हणजे यूटीसी), १ एप्रिल छापलं गेलं पाहिजे.

ग्राहकाकडे गेलेल्या बिलांच्या तारखा परस्पर बदलू नका. आधी सीएंना विचारा.

प्रश्न : तारीख मराठीत दाखवायला विकतचं प्लगइन लागेल, असं वेबसाइट करणारे म्हणतात. (नवी पेठ)

उत्तर : लागत नाही. ब्राउझरमध्ये फुकट असलेली गोष्ट तुम्हाला विकली जातेय. 'टूलोकेलडेटस्ट्रिंग('एमआर-आयएन')' देवनागरी आकडे देतं; पर्यायांत 'मंथ: लाँग' दिलं की महिन्याचं नावही मराठीत येतं. हे फक्त दाखवण्यापुरतं, साठवू नका. पैसे देण्याआधी दुसऱ्या जाणकाराला कोड दाखवा.

प्रश्न : '०५/०६/२०२५' म्हणजे ५ जून दिलं, ६ मे झालं. (होटगी रोड)

उत्तर : अमेरिकी क्रमाने वाचलं गेलं. तिरप्या रेघांवर तुकडे करा आणि 'न्यू डेट(२०२५, ५, ५)' असं द्या. इथे मधला ५ म्हणजे जून, कारण महिने ० पासून मोजले जातात. जुन्या नोंदींत १२ तारखेपर्यंतच्या सगळ्या तारखा मूळ कागदाशी ताडून बघा, त्या चुपचाप उलटलेल्या असू शकतात.