क्रशरवर टँकर मागवण्याआधी

मुंबईच्या आसपासच्या दगडखाणीवर, खडी फोडणाऱ्या क्रशरवर नव्याने रुजू झालायस, तर आधी पाण्याचा टँकर नेमका कुठे रिकामा होतो ते बघ. बरंचसं पाणी धूळ दाबण्यात जातं, आणि त्याला गोडं पाणी कशाला हवं? जून ते सप्टेंबर खड्ड्यात भरलेलं पाणी लोक पंप लावून नाल्यात सोडतात आणि मार्चमध्ये टँकरवाल्याच्या पाया पडतात! काम संपलेला एक खड्डा साठ्यासाठी राखून ठेव. मालकाकडून तसं लेखी घे, नाहीतर दिवाळीनंतर तिथे ग्रिटचा, म्हणजे बारीक खडीचा ढीग दिसेल.

त्या पाण्यात दगडाची भुकटी असते. ते टाकीत निवळू दे, मग जाळीतून पंपाला दे. नाहीतर नोझल, म्हणजे तुषार उडवणारी बारीक तोंडं, चोंदतात, आणि पोरं वैतागून ते काढून सरळ पाइपच सोडतात. मोठा थेंब धुळीला बाजूला ढकलतो, बारीक तुषार तिला पकडतो. म्हणून नोझल हॉपरवर, म्हणजे दगड ओततात त्या तोंडावर, आणि पट्ट्यावरून खडी पडते तिथे हवेत, जमल्यास वरून पत्रा मारून.

डंपरच्या रस्त्यावर थोडं थोडं, पण वारंवार. चिखल केलास तर दुपारी तोच वाळून उडतो. मशिन धुतलेलं पाणी वेगळं काढ, त्यात डिझेल-ऑइल असतं. आणि कामगारांच्या पिण्याच्या टाकीला यातली एकही लाइन जोडू देऊ नकोस.