‘मिस्सा’ हा शब्द आला कुठून?

प्रश्न : आमच्या शेजारचे वसईचे ख्रिस्ती कुटुंब दर रविवारी ‘मिस्सा’ला जाते. या उपासनेत द्राक्षारसात पाणी मिसळतात असे ऐकले आहे. त्यावरून ‘मिसळणे’ या क्रियापदाशी ‘मिस्सा’चे नाते असावे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : द्राक्षारसात थोडे पाणी मिसळतात हे आपण ऐकले ते खरे आहे, शब्दाचा मात्र त्याच्याशी संबंध नाही. वसईवर १५३४ ते १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता आणि त्यांच्या भाषेतूनच हा शब्द तेथील मराठीत रुळला. मूळ शब्द लॅटिन असून ‘मित्तेरे’ म्हणजे पाठवणे या क्रियापदापासून तो तयार झाला आहे. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘मिस्सा’चा साधा अर्थ ‘निरोप’ एवढाच होता. इ. स. ५००च्या सुमारास आजच्या फ्रान्समधील व्हिएनचा बिशप आविटस लिहितो, की चर्चमध्ये, राजवाड्यात आणि न्यायासनापुढेही लोकांना जाण्याची मुभा देताना हाच शब्द पुकारतात. म्हणजे हा मुळात धार्मिक शब्दच नव्हे.

मग अख्ख्या उपासनेला निरोपाचे नाव कसे पडले? प्राचीन चर्चमध्ये प्रवचन संपले की बाप्तिस्मा न झालेल्या उमेदवारांना बाहेर पाठवीत, आणि भाकर व द्राक्षारसाचा विधी त्यानंतर होई. सातव्या शतकातील सेव्हिलचा बिशप इसिदोर या शब्दाची उपपत्ती याच निरोपावरून लावतो. शेवटी सर्वांसाठी ‘इते, मिस्सा एस्त’, म्हणजे ‘जा, निरोप झाला’, अशी घोषणा होई. असे निरोपाचे शब्द पुन्हा पुन्हा कानी पडत गेले आणि लोकांनी त्यांवरूनच विधीला ओळखले. चौथ्या शतकाच्या अखेरीस मिलानचा बिशप अ‍ॅम्ब्रोज हा शब्द उपासनेसंबंधी वापरताना दिसतो.

आपल्या भाषेत ‘निरोप’ म्हणजे रजा आणि ‘निरोप’ म्हणजे संदेशही. लॅटिन शब्दाचा प्रवासही काहीसा असाच झाला, हे मला फार मोलाचे वाटते. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७च्या आपल्या पत्रात म्हटले आहे, की पूर्वी केवळ पाठवणी सांगणाऱ्या या शब्दाला ख्रिस्ती वापरात कामगिरीवर धाडण्याचा अर्थ चढत गेला.

यज्ञ किंवा अर्पण हा अर्थ ‘मिस्सा’त मुळीच नाही. तो हवा असेल तर केरळच्या सिरियन ख्रिस्ती परंपरेतील याच उपासनेचे नाव ‘कुर्बाना’ पाहावे. त्याचा अर्थच अर्पण असा आहे.