इटालियन विनोदी ऑपेरा कधी पाहिला नाही, भाषाही येत नाही. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की एकदा ऑपेरा लावला होता, पण कोण कुणावर का ओरडतंय तेच कळेना, बायकांचं गाणं किंचाळल्यासारखं वाटलं, म्हणून वीस मिनिटांत बंद केला. माझ्या आईचंही तेच झालं होतं. ती नाट्यसंगीतावर वाढलेली, आणि मी तिच्यापुढे अख्खा ऑपेरा पहिल्यापासून लावून ठेवला. दुसऱ्या खेपेला आधी गोष्ट सांगितली, मग एकच गाणं ऐकवलं, आणि ती रमली. तोच क्रम तुम्हाला सांगते.

रोसिनी या इटालियन संगीतकाराचा 'सेव्हिलचा न्हावी' घ्या. म्हातारा डॉक्टर बार्तोलो हा रोझिनाचा पालक, पण तिच्या हुंड्यावर डोळा ठेवून तिच्याशीच लग्न करायला निघालेला. तरुण सरदार अल्माविवा तिच्यावर भाळलाय. घरोघरी जाणारा आणि सगळ्यांची बित्तंबातमी ठेवणारा फिगारो न्हावी त्याला आत शिरायच्या युक्त्या देतो: आधी दारू प्यालेला शिपाई, मग गाण्याचा मास्तर. आईला लगेच 'शारदा' आठवलं. फरक इतकाच की ही रोझिना हातपाय गाळणारी नाही. मी गरीब, आज्ञाधारक आहे, पण दुखऱ्या जागी हात लावलात तर नागीण होईन, असं ती पहिल्याच गाण्यात बजावते.

आता ते एक गाणं. बाझिलिओ हा रोझिनाचा संगीतशिक्षक. सरदाराला गावातून हाकलायचं तर त्याची बदनामी करा, असा सल्ला तो बार्तोलोला देतो आणि बदनामी कशी पसरते ते गाऊन दाखवतो. आधी झुळूक, मग कानाकानांतली कुजबुज, मग वादळ, शेवटी तोफेचा धडाका. व्हायोलिनं अगदी हळू एक छोटीशी ओळ धरतात. तीच ओळ पुन्हा, पुन्हा, दर वेळी आणखी वाद्यं येऊन मिळतात, आणि 'तोफ' या शब्दावर सगळा वाद्यवृंद कोसळतो. आपल्या कानाला रंग चढणं म्हणजे लय वाढणं अशी सवय असते. इथे लय तीच राहते, वाढतो तो आवाज. हे एकदा कानात बसलं की रोसिनीचा विनोद उलगडतो, कारण तो शब्दांइतकाच या चढत्या गोंधळात आहे. पहिल्या अंकाचा शेवट बघा: शिपाई सरदाराला पकडायला येतात, तो अधिकाऱ्याला गुपचूप एक कागद दाखवतो, अधिकारी चपापतो आणि सगळे पुतळ्यासारखे थिजतात. मग जो कल्लोळ उठतो त्यात प्रत्येक जण म्हणतो, माझं डोकं लोहाराच्या भट्टीत सापडलंय. संगीतही घणाचे घाव घालत असतं.

किंचाळल्यासारखं वाटतं म्हणालात, म्हणून मुद्दाम सांगते: रोझिनाची भूमिका मुळात खालच्या पट्टीतल्या स्त्री-आवाजासाठी लिहिलेली आहे. पुढे उंच आवाजाच्या गायिकांनीही ती गायली. तुम्ही तेरेसा बेर्गान्झा असलेला, जाँ-पिएर पोनेलने दिग्दर्शित केलेला 1972 चा चित्रपट शोधा. वाद्यवृंदाचा संचालक क्लाउदिओ अब्बादो, फिगारो हेरमान प्राय. उपशीर्षकं हवीतच. गाण्यांच्या मधले संवादही गायलेले असतात, हार्पसिकॉर्ड या पियानोसारख्या जुन्या वाद्याच्या साथीवर, भराभर. नवखे लोक तिथेच कंटाळून पुढे सरकवतात; तसं करू नका, कारस्थानं तिथेच शिजतात.

सुरुवातीच्या वाद्यसंगीतात मात्र कथेचे धागे शोधू नका. ते रोसिनीने आपल्याच एका जुन्या, गंभीर ऑपेरातून उचललंय. 20 फेब्रुवारी 1816 ला रोमच्या तेआत्रो आर्जेंतिनामध्ये पहिला प्रयोग झाला, तेव्हा त्याला चोविसावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. याच गोष्टीवरचा पाइझिएल्लो या आधीच्या संगीतकाराचा 1782 चा ऑपेरा लोकांचा लाडका होता, आणि या पोराने त्याला हात लावलेला कित्येकांना खपला नव्हता. दुसऱ्याच रात्री मात्र लोकांनी डोक्यावर घेतलं.

एका बैठकीत अडीच तास बसू नका. एका संध्याकाळी एक अंक पुरे. दुसऱ्या अंकात बाझिलिओ नको त्या वेळी टपकतो आणि सगळे मिळून त्याला पटवतात की तुला ताप भरलाय, घरी जाऊन झोप. मग एकेक जण त्याला इतक्या गोडीने 'शुभ रात्री' म्हणत राहतो की बिचारा खरंच निघतो. ती जागा आली की आई अजूनही मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावते.